नाचियारकोविल : यात्रेकडून पर्यटनाकडे

कावेरीच्या मुखाजवळच्या सुपीक प्रदेशात कुंभकोणम हे प्राचीन नगर वसले आहे. तेथून आग्नेयेस सुमारे दहा किलोमीटरांवर, तिरुवारूरच्या वाटेवर, नाचियारकोविल हे गाव लागते. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, मधूनमधून पाण्याचे पाट, नारळी आणि केळी. आणि मग एकाएकी रस्त्याच्या कडेला पितळी समयांची दुकाने. काही समया बोटभर उंचीच्या, तर काही माणसाहूनही उंच. गावाच्या एका टोकाला देऊळ आणि दुसऱ्या टोकाला ओतशाळा, अशी या गावाची साधी रचना आहे. या दोहोंच्या मधून शतकानुशतके परगावचा माणूस येत-जात राहिला आहे.

परगावचा हा माणूस पूर्वी यात्रेकरू होता. आज त्याला पर्यटक म्हणतात. उष्ण कटिबंधातील अनेक रम्य स्थळांचे रूप या पाहुण्याने गेल्या काही दशकांत पालटून टाकले आहे. गोव्याचे किनारे आणि बाली बेट ही त्याची ठळक उदाहरणे होत. परंतु नाचियारकोविलसारख्या लहानशा क्षेत्री हा बदल कसा घडतो, आणि त्यात काय टिकते व काय जाते, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरावे. शिवाय या प्रदेशाशी मराठी माणसाचा संबंध केवळ पाहुण्याचा नाही. एके काळी तो येथे यजमान होता.

प्रथम क्षेत्राचा परिचय. ‘नाच्चियार’ म्हणजे थोर स्त्री, देवी. ‘कोविल’ म्हणजे देऊळ. गावाचे जुने नाव तिरुनरैयूर. वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांत या स्थानाची गणना होते आणि तिरुमंगै आळ्वार या संतकवीने त्याच्या स्तुतीपर शंभराहून अधिक पदे रचली आहेत. देऊळ उंच जोत्यावर बांधलेले असून ते कोच्चेंगणान या चोळ राजाने उभारले असे परंपरा सांगते. या देवळाचे वैशिष्ट्य असे की, येथे अग्रमान देवीला आहे. वंजुळ वृक्षाखाली मेधावी ऋषींना सापडलेल्या कन्येशी श्रीनिवासाने विवाह केला, तेव्हा सर्व बाबतींत हिला अग्रस्थान राहील असे वचन त्याने दिले, अशी कथा आहे. म्हणूनच गावाला देवाचे नव्हे, तर देवीचे नाव मिळाले.

येथील दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ‘कल्गरुड’, अर्थात पाषाणाचा गरुड. वर्षातून दोन वेळा, मार्गळी आणि पंगुनी या महिन्यांतील उत्सवांत, तो मिरवणुकीसाठी बाहेर निघतो. गर्भागारातून निघताना चार जण त्याला उचलतात. पुढे आठ, मग सोळा, मग बत्तीस आणि अखेर चौसष्ट खांदेकरी लागतात. परतताना हीच संख्या त्याच क्रमाने उतरत जाते. भाविक याचे कारण सांगतात ते असे : देवी हंसावर बसून पुढे चालते आणि गरुड तर स्वभावतःच वेगवान. त्याने तिला मागे टाकू नये म्हणून त्याचे वजन पावलागणिक वाढत जाते. कथेचा अर्थ ज्याने त्याने लावावा. मात्र ज्या गावाच्या मुख्य उत्सवात वेगवानाने मंदगतीला मान द्यावयाचा असतो, त्याच गावाला पुढे वेगाच्या युगाशी गाठ घालावी लागली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता यात्रेच्या जुन्या व्यवस्थेकडे वळू. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत, म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ, तेथे भोसल्यांचे राज्य चालले. काशी-रामेश्वराची यात्रा करणारा महाराष्ट्रीय यात्रेकरू याच मुलखातून जात असे. त्याच्यासाठी, किंबहुना कोणत्याही पांथस्थासाठी, या राजांनी वाटेवर छत्रे उभारली. नीडामंगलम येथील छत्र प्रतापसिंहराजांनी यमुनांबेच्या नावाने बांधले, तर ओरत्तनाडचे छत्र दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबेच्या स्मरणार्थ १८०२ साली उभारले. ही केवळ निवाऱ्याची घरे नव्हती. तेथे सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळे. आजाऱ्याला वैद्य व औषध, तान्ह्या मुलाला दूध आणि प्रसूत होणाऱ्या स्त्रीला शुश्रूषा मिळे. विद्यार्थ्यांसाठी पाठशाळा असत. वाटेत कोणी मृत्यू पावला, तर त्याच्या अंत्यविधीचीही तरतूद होती. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेल्यावर या छत्रांचे काय होणार, या चिंतेने सरफोजीराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटाला पत्र लिहून त्यांची ही सारी व्यवस्था तपशीलवार कळविली आणि ती अबाधित राहावी असा आग्रह धरला. राज्य गेल्याच्या दुःखात ज्या राजाला प्रथम वाटसरूच्या भाताची आठवण झाली, त्याचे हे पत्र भारतीय प्रवासाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे कागद मानले पाहिजे.

या व्यवस्थेचे तत्त्व स्पष्ट होते. येणारा माणूस हा गिऱ्हाईक नव्हता. तो अतिथी होता. त्याच्यावर होणारा खर्च जमिनीच्या उत्पन्नातून, म्हणजे कावेरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या भातातून, भागविला जाई. यात्रेकरू पायी किंवा बैलगाडीने येई आणि प्रत्येक मुक्कामी रात्र काढी. त्यामुळे गावाची व त्याची ओळख होई. या ओळखीतून जे निर्माण झाले, ते आजही कानांनी ऐकता येते. तंजावरात समर्थ संप्रदायाचे मठ स्थापन झाले; मराठी कीर्तनाची पद्धत तमिळ हरिकथेत मिसळली; आणि कुंभकोणमजवळच्या मरुदनल्लूर येथील सद्गुरुस्वामींनी जी भजनपद्धती रूढ केली, तिच्यात मराठी अभंगांना मानाचे स्थान मिळाले. ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही अशी तमिळ माणसे आजही तुकोबांचे आणि नामदेवांचे अभंग म्हणतात. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमच्याच एका महाराष्ट्रीय घराण्यात झाला. पाहुण्याला राहावयास वेळ असला म्हणजे त्याचे नाते कसे जडते, याची ही साक्ष होय.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन घटना घडल्या. १८५५ साली तंजावरचे राज्य खालसा झाले आणि छत्रांचा कारभार राजवाड्यातून कचेरीत गेला. १८६१ साली नागपट्टण ते तंजावर ही आगगाडी सुरू झाली आणि १८७७ च्या सुमारास मद्रासकडून येणाऱ्या लोहमार्गाने कुंभकोणमही जोडले गेले. पायी चालणाऱ्याला जेथे आठ मुक्काम पडत, तेथे आता एक रात्र पुरू लागली. मधले मुक्काम ओस पडले, स्टेशनाजवळची गावे भरभराटली. छत्राची गरज संपली नाही, पण तिचे स्वरूप बदलले. स्टेशनासमोर भाड्याच्या खोल्या आणि पैसे देऊन जेवावयाची खानावळ आली. अतिथीचे गिऱ्हाईक होण्याची क्रिया येथे सुरू झाली. ती पर्यटनखात्याने सुरू केलेली नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. लोकांत असा समज आढळतो की, जुनी यात्रा सर्वस्वी पवित्र होती आणि बाजार हा अलीकडचा विकार आहे. वस्तुतः देऊळ आणि बाजार हे दोघे दक्षिणेत पहिल्यापासून एकाच रथवीथीवर नांदत आले आहेत.

नाचियारकोविलचा बाजार समयांचा. तमिळमध्ये समईला ‘कुत्तुविळक्कु’ म्हणतात. आपल्या समईशी तिचे रूप इतके जुळते की मराठी पाहुण्याला ती परकी वाटतच नाही. बैठक, दांडा, तेलाची पाच मुखांची परळ आणि माथ्यावर बहुधा हंस, असे तिचे चार भाग असतात. प्रत्येक भाग निराळा ओतावा लागतो. कावेरीच्या काठी मिळणारी ‘वंडल’ नावाची तांबूस, मऊ गाळवाळू साच्याला फार उत्तम. ती ठशाची बारीक रेघसुद्धा धरून ठेवते आणि तापलेल्या धातूच्या धगीने फुटत नाही. या वाळूच्या साच्यात वितळलेले पितळ ओततात. ते निवल्यावर भाग बाहेर काढून कानशीने घासतात, चरकावर धरून गोल करतात, छिन्नीने नक्षी उठवितात, झिलई देतात आणि अखेर आट्यांनी एकमेकांत बसवितात. ‘पत्तर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारागिरांच्या घराण्यांतून ही विद्या पित्याकडून पुत्राकडे चालत आली. या समईला आता भौगोलिक उपदर्शनाचे शासकीय संरक्षणही लाभले आहे.

या धंद्याचा इतिहास पर्यटनाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. पूर्वी या भागातील पितळकाम मुख्यतः घरच्या भांड्यांवर चाले. हंडे, कळशा, तांबे, पातेली ही लग्नघराची नित्य खरेदी होती. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत स्टेनलेस स्टीलची भांडी स्वयंपाकघरात शिरली आणि पितळेची मागणी ओसरली. भांडे गेले तरी दिवा राहिला. कारण स्टीलच्या ताटात जेवणारे कुटुंबही देवापुढे स्टीलची समई लावावयास राजी होत नाही. अशा अडचणीच्या काळी बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांनी या कलेला हात दिला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. कुंभकोणमच्या यात्रेला आलेला माणूस मुलीच्या लग्नासाठी समईची जोडी नेऊ लागला. पुढे परदेशी स्थायिक झालेली कुटुंबे नेऊ लागली. त्यांच्यामागून हॉटेलांच्या दिवाणखान्यांसाठी पुरुषभर उंचीच्या समयांची मागणी आली.

या शेवटच्या मागणीबरोबर एक सूक्ष्म बदलही आला. जी समई लावावयाची असते, तिची परळ खोल हवी, तेल न सांडता वातीला पोचले पाहिजे, आणि बैठक जड हवी, म्हणजे मुलाचा धक्का लागून ती कलंडणार नाही. जी समई केवळ दाखवावयाची असते, तिला यांपैकी कशाचीच गरज नसते. तिला चकाकी पुरते. पहिल्या समईची परीक्षा घरची वृद्ध स्त्री करीत असे आणि ती परीक्षा रोज संध्याकाळी होत असे. दुसरीची परीक्षा दुकानात, दोन मिनिटांत होते. परीक्षकच बदलला म्हणजे कारागिराची कसोटीही बदलते. यंत्रावर निघालेला हलका, स्वस्त माल त्याच फळीवर येऊन बसतो आणि घाईतल्या गिऱ्हाइकाला दोहोंतील भेद कळत नाही. हाताने घडविणाऱ्याची मजुरी या भेदावरच अवलंबून असते. तो दिसेनासा झाला की पुत्राला भट्टीपुढे बसविण्याचे कारण पित्यापाशी उरत नाही.

बाहेरच्या रसिकतेची याहून कठोर बाजूही या प्रदेशाने अनुभवली आहे. कुंभकोणमजवळ शिवपुरम नावाचे खेडे आहे. तेथे १९५१ साली जमिनीतून चोळकालीन ब्राँझच्या मूर्ती निघाल्या. त्यांतील नटराज दुरुस्तीसाठी बाहेर देण्यात आला आणि देवळात परत आली ती त्याची प्रतिकृती. गावकरी त्या प्रतिकृतीची पूजा करीत राहिले. मूळ मूर्ती हातोहात विकली जात १९७३ साली नॉर्टन सायमन या अमेरिकन संग्राहकाकडे पोचली. दीर्घ तंट्यानंतर १९८६ साली ती भारतात परत आली. तथापि अशा चोऱ्यांचा परिणाम असा झाला की, अनेक खेड्यांतील देव सुरक्षिततेसाठी तिरुवारूर येथील शासकीय मूर्तिकेंद्रात कडीकुलुपात ठेवावे लागले. जगाने ज्यांना कलाकृती म्हणून ओळखले, त्यांना त्यांचे स्वतःचे गाव पारखे झाले. कौतुकाचीही किंमत असते आणि ती नेहमी कौतुक करणारालाच भरावी लागते असे नाही.

आता गर्दीचा विचार. कुंभकोणमचे महामहम हे पर्व बारा वर्षांनी येते. गुरू सिंह राशीत असताना माशी महिन्यातील मघा नक्षत्रावर ते असते; म्हणजे नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आणि हे पर्व एकाच गुरूच्या भ्रमणाने बांधलेले आहेत. २०१५ साली गोदेला सिंहस्थ झाला आणि २०१६ च्या फेब्रुवारीत कुंभकोणमला महामहम. नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी या पर्वाच्या तलावाभोवती सोळा मंडप बांधविले. पायी आणि गाडीने येणाऱ्या समुदायाला ही जागा ऐसपैस होती. मोटारी, आगगाड्या आणि वृत्तपत्रे यांनी जेव्हा लक्षावधी लोकांना एकाच दिवशी तेथे आणून सोडले, तेव्हा १८ फेब्रुवारी १९९२ रोजी चेंगराचेंगरी होऊन पन्नासाच्या आसपास माणसे प्राणास मुकली. तलाव तोच, मुहूर्त तोच. केवळ पोचण्याचा वेग वाढला होता. त्यानंतर २००४ आणि २०१६ च्या पर्वांत शासनाने बंदोबस्त पुष्कळ सुधारला आणि स्नानाचा काळही अनेक दिवसांवर वाटला जाईल असे पाहिले. आता लक्ष २०२८ च्या पर्वाकडे आहे.

दरम्यान रोजच्या पाहुण्याचेही स्वरूप पालटले. तमिळनाडू पर्यटन विकास महामंडळ १९७१ साली स्थापन झाले. १९८७ साली तंजावरचे बृहदीश्वर मंदिर जागतिक वारशाच्या यादीत आले आणि २००४ साली गंगैकोंडचोळपुरम व कुंभकोणमलगतचे दारासुरम ही मंदिरे त्यास जोडली गेली. गणिती रामानुजन यांचे कुंभकोणममधील राहते घर संग्रहालय झाले. याच सुमारास नवग्रहांच्या नऊ देवळांची फेरी लोकप्रिय झाली. ही देवळे फार जुनी आहेत. परंतु ती सर्व एका दिवसात, एका वाहनातून उरकावयाची ही कल्पना मोटारयुगाची आहे. भल्या पहाटे निघावयाचे, रात्री परतावयाचे, आणि वाटेत नाचियारकोविलला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात दर्शन, समयांची दुकाने आणि चहा, इतके सारे बसवावयाचे असते. ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’च्या पाट्या तर आता कुंभकोणमपासून शेकडो किलोमीटर दूरच्या महामार्गांवर झळकतात आणि तेथे पितळी पेल्यात कॉफी मिळते. गावाला न जाताच गावाची चव घेण्याची सोय झाली!

१९८० साली रिचर्ड बटलर या भूगोलज्ञाने पर्यटनस्थळांच्या आयुष्यक्रमाविषयी एक सिद्धांत मांडला. प्रथम थोडे धाडसी प्रवासी एखादे स्थळ शोधून काढतात. स्थानिक लोक त्यांची सोय करू लागतात. मग बाहेरचे भांडवल येते, गर्दी वाढते. आणि अखेर स्थळ आपले आकर्षण गमावून साचून राहते, नपेक्षा नवा अवतार घेते. गोव्याचा इतिहास या साच्यात चांगला बसतो. १९६१ च्या मुक्तीनंतर साठीच्या अखेरीस हणजूण-कळंगुटच्या किनाऱ्यांवर हिप्पी आले आणि कोळ्यांच्या घरांतून राहिले. १९७४ साली आग्वादच्या किल्ल्यालगत तारांकित हॉटेल उभे राहिले. १९८७ पासून युरोपातील सहलींची विमाने थेट उतरू लागली. पुढे पाणी, कचरा आणि जमिनीच्या किमती यांची गाऱ्हाणी सुरू झाली. बालीमध्ये १९६६ साली दहा मजली हॉटेल उभे राहताच तेथील लोक सावध झाले आणि इमारत माडाच्या उंचीपलीकडे जाऊ नये असा नियम करण्यात आला.

नाचियारकोविल या साच्यात पुरते बसत नाही, आणि यातच त्याचे महत्त्व आहे. समुद्रकिनाऱ्याला कोणी कंटाळू शकतो; कुलदेवतेला कंटाळत नाही. येथे कोणी ‘शोध’ लावला नाही आणि येथील गर्दीचा हंगाम जाहिरातीने नव्हे, तर पंचांगाने ठरतो. म्हणून हे गाव पर्यटनाने मरण्याची भीती कमी. भीती निराळी आहे. गाव राहील, देऊळ राहील, दुकानेही वाढतील. परंतु पाहुणा आणि गाव यांच्यामधील देवघेव केवळ पैशाची होऊन बसेल. छत्रात मुक्काम करणाराने आपले अभंग मागे ठेवले आणि तेथील राग सोबत नेले. अर्ध्या तासाच्या पाहुण्यापाशी ठेवावयास काही नसते आणि नेण्यास पिशवीत मावेल तेवढेच.

याचा अर्थ जुने दिवस परत आणावेत असा नाही. पायी यात्रेतले हाल, रोगराई आणि दरोडे यांची आठवण ज्यांना आहे, ते तसे म्हणणार नाहीत. शिवाय आज सामान्य शेतकऱ्याची पत्नीसुद्धा जी यात्रा करू शकते, ती पूर्वी सधनांनाच साधे. वेगाने यात्रेचे दार सर्वांना उघडले, हा त्याचा गुण आहे. प्रश्न एवढाच की, या वेगाला कोठे आवर घालावयाचा. समई घेताना ती कोणी घडविली हे विचारणे, ओतशाळेचे दार पाहुण्याला उघडे ठेवणे, साच्याच्या गाळासाठी नदीचा काठ राखणे, फेरीच्या गाड्यांना एका तरी गावी रात्रीचा मुक्काम ठेवणे, या साध्या गोष्टी आहेत. त्यांसाठी मोठ्या योजनांपेक्षा थोडा वेळ अधिक लागतो. मराठी यात्रेकरूवर तर हे ऋण दुहेरी आहे. ज्यांच्या पूर्वजांनी या मातीत वाटसरूसाठी अन्नाची व औषधाची तरतूद केली, त्यांच्या वंशजांनी तेथे केवळ घाईचे गिऱ्हाईक म्हणून जावे हे शोभणारे नाही.

मार्गळीच्या उत्सवात चौसष्ट खांदेकऱ्यांच्या खांद्यांवर पाषाणाचा गरुड आजही मंद गतीने सरकतो, आणि त्याच्यापुढे देवीची पालखी चाललेली असते. रस्त्यावरील मोटारी तेवढा वेळ थांबून राहतात.